मदत हवी आहे : योनसानगुनच्या दरबारावरची एकांकिका

मंडळी, कोरियाच्या जोसोन घराण्यातल्या योनसानगुन राजाच्या (कारकीर्द १४९४ ते १५०६) दरबारावर मी एकांकिका लिहितेय. आईला विष देऊन मारल्याचा सूड म्हणून १५०४ मध्ये त्याने कित्येक दरबाऱ्यांचा जीव घेतला. किम चोसन या वयोवृद्ध खोजा सेवकाने अनेक राजांची चाकरी केली होती. त्याने तोंडावर चार शब्द सुनावले आणि १५०५ मध्ये तो मारला गेला. माझं नाटक त्याचंच आहे.

या राजाने सेवकांच्या अंगावर पाट्या लटकवल्या होत्या. त्यांवर लिहिलेलं असे : तोंड हे अनर्थाचं दार, जीभ ही अंग कापणारी तलवार. ही पाटी मला रंगमंचावर हवीच आहे. ती नेमकी केवढी असे, गळ्यात घालत की कमरेला? सेवक राजापासून किती अंतरावर उभे राहत, नजर कुठे ठेवत? माझा अख्खा पहिला प्रवेश यावर अडलाय, कारण त्यात किम जवळपास बोलतच नाही.

सोलमध्ये राहणाऱ्या किंवा कोरियन वाचता येणाऱ्या कुणी तिथल्या संग्रहालयांत, राजवाड्यांत याबद्दल काही पाहिलं-वाचलं असेल तर प्लीज सांगा. फोटो असतील तर फारच उत्तम. तालमी लवकरच सुरू होताहेत.