विहिरीच्या ढिगाऱ्यातले स्फटिक: घरच्या घरी ओळखायचे कसे, धुवायचे कसे?

कन्नडकर

नमस्कार मंडळी. कन्नड तालुक्यात एका विहिरीचं काम चालू आहे. 40 फुटांच्या आसपास सुरुंग उडवल्यावर पोकळ्यांचा खडक लागला. यारीने वर काढलेल्या ढिगाऱ्यात स्फटिक दिसतायत. मालकाला विचारून चार प्रकार बाजूला काढलेत.

अ) फिकट गुलाबी, पानापानांचे, मोत्यासारखी चमक.
ब) बिनरंगी, काचेसारखे, चौकोनी, वर टोक.
क) पिवळसर, तिरक्या चौकोनात फुटणारा.
ड) पांढऱ्या बारीक सुयांचे झुबके.

सगळ्यावर लाल-पिवळी माती बसली आहे. बाथरूमच्या ॲसिडने धुतलं तर चालेल का? आणि प्रयोगशाळेशिवाय यातलं किती ओळखता येतं?

खडकपारखी

ॲसिड लांब ठेवा, ते सगळ्यात आधी. का ते खाली कुणी सांगेलच, मी ओळखण्याचं सांगतो.

रंगावर अजिबात जाऊ नका. आपल्या काळ्या पाषाणातली (बेसॉल्टमधली) बरीच खनिजं मुळात बिनरंगी किंवा पांढरीच असतात. गुलाबी, पिवळी, हिरवी छटा थोड्याशा भेसळीने येते. तीन गोष्टी बघा: कुठल्या दिशेला सपाट फुटतं (याला पाटन म्हणतात), कुठल्या बाजूला कशी चमक आहे, आणि कठिनता (ओरखडा किती सहज पडतो ते, 1 ते 10 च्या मापात).

'ब' वर लोक हमखास फसतात आणि गारगोटीचा स्फटिक (क्वार्ट्झ) समजतात. भिंग घ्या, 10 पटीचं पुरे. क्वार्ट्झ असेल तर खांबाला सहा बाजू आणि त्यांवर आडव्या रेघा. अपोफायलाइट असेल तर बाजू चार, रेघा उभ्या. टोक तुटून माथा सपाट झालेला एखादा नग शोधा: माथ्यावर मोत्याची झाक आणि बाजूंना काचेची चमक, असा फरक एकाच स्फटिकावर दिसला की अपोफायलाइटच समजा. त्याचं पाटन खांबाला आडवं असतं, म्हणून पडलं की टोक सपाट उडतं. क्वार्ट्झ काचेवर सहज ओरखडा काढतं (कठिनता 7), अपोफायलाइट काढत नाही (4.5 ते 5).

'अ' म्हणजे स्टिल्बाइट किंवा ह्यूलँडाइट. दोघांची कठिनता 3.5 ते 4, चमक मोत्याची, त्यामुळे फक्त आकार कामाला येतो. पानं मधे आवळून दोन्ही टोकांना फुललेली, ज्वारीच्या पेंढीसारखी दिसली तर स्टिल्बाइट. सुटे, जाड, मधे रुंद आणि टोकांकडे निमुळते स्फटिक असतील तर ह्यूलँडाइट. एकाच पोकळीत दोन्ही असणं नेहमीचं आहे.

'क' जवळपास नक्की कॅल्साइट. ताज्या फुटलेल्या बाजूवर सुईने ओरखडा काढा आणि त्या भुकटीवर पांढऱ्या व्हिनेगरचा थेंब टाका. भिंगाखाली बुडबुडे दिसतील. 'ताज्या फुटलेल्या' हे महत्त्वाचं. काळ्या मातीखालच्या चुनखडीचा पातळ थर वरून मुरत जाऊन कशावरही बसतो आणि मग झिओलाइटसुद्धा (स्टिल्बाइट, स्कोलेसाइट ज्या गटात येतात ती खनिजं) फसफसल्यासारखं वाटतं.

'ड' स्कोलेसाइट, मेसोलाइट किंवा नॅट्रोलाइट. सुया जाड, चपट्या आणि टोकाला तिरक्या कापलेल्या असतील तर स्कोलेसाइटकडे कल ठेवा. केसासारख्या असतील तर डोळ्यांनी ठरत नाही, त्याला क्ष-किरण तपासणीच लागते. लेबलवर 'नॅट्रोलाइट गट' एवढंच लिहिलं तर ते बरोबर राहतं.

ओरखड्याची चाचणी खालच्या, न दिसणाऱ्या बाजूला करा आणि नंतर बोटाने पुसा. पुसली जाणारी रेघ म्हणजे सुईचं लोखंड लागलंय, ओरखडा नाही.

शंका उरली तर वजन-पाण्याची चाचणी करा. 0.1 ग्रॅम दाखवणारा काटा हवा. कोरडं वजन घ्या. मग हलक्या प्लॅस्टिकच्या पेल्यात पाणी भरून तो काट्यावर ठेवा, काटा शून्य करा, आणि नमुना दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा. तळाला, कडेला टेकू द्यायचा नाही. काटा जो आकडा दाखवेल त्याने कोरड्या वजनाला भागा, म्हणजे नमुना पाण्याच्या किती पट जड ते कळतं. कॅल्साइट 2.71, क्वार्ट्झ 2.65, अपोफायलाइट 2.35 च्या आसपास, स्टिल्बाइट-ह्यूलँडाइट 2.1 ते 2.2.

कन्नडकर

केलं सर. सुटे तुकडे घेतले.
अ: कोरडं 63.4, पाण्यात आकडा 29.2, भागाकार 2.17.
ब: 38.5 आणि 16.4, म्हणजे 2.35.
क: 51.0 आणि 18.8, म्हणजे 2.71.
'अ' चा दुसरा एक नग मात्र 2.5 दाखवतोय. त्याच्या मागे थोडा काळा दगड आहे.

खडकपारखी

तोच काळा दगड आकडा वर नेतोय. बेसॉल्ट 2.8 ते 3 च्या घरात असतो, अंगाला चिकटलेला असेल तर ही चाचणी निरुपयोगी. पण केवळ आकड्यासाठी तो दगड तोडू नका, स्फटिकासोबत त्याचा मूळ खडक असणं हीच नमुन्याची खरी किंमत. उलट आकडा कमी आला तर हवेचे बुडबुडे अडकलेत, पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाका.

बाकी तिन्ही चोख आलेत. ब अपोफायलाइट, क कॅल्साइट. 'अ' स्टिल्बाइट की ह्यूलँडाइट हे पेंढी बघून ठरवा, वजन तिथे उपयोगाचं नाही.

जालन्याची_गारगोटी

धुण्याबद्दल. बाथरूमचं ॲसिड म्हणजे पाणी घातलेलं हायड्रोक्लोरिक. कॅल्साइट त्यात विरघळतं, स्कोलेसाइटचा चिकट गोळा होतो, स्टिल्बाइट आणि अपोफायलाइट कायमचे निस्तेज होतात. गेलेली चमक परत आणायचा उपाय नाही.

अ, ब आणि क साध्या पाण्यात रात्रभर भिजत ठेवा, माती आपोआप सुटते. सकाळी पाणी बदलून मऊ टूथब्रशने, पानांच्या दिशेनेच घासा. पाणी कडक गरम करून ओतू नका आणि पत्र्यावर उन्हात वाळत घालू नका. अपोफायलाइट अशा धक्क्याने पाटनावर चिरतं. सावलीत, फडक्यावर ठेवा. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड असतं, वाळल्यावर स्फटिकावर पांढरे डाग उमटतात. शेवटचं पाणी आरओचं किंवा बॅटरीचं डिस्टिल्ड घ्या.

'ड' ला पाणी लावूच नका, ताई-दादांनो, हे कळकळीने सांगते. सुया ओल्या झाल्या की एकमेकींना चिकटतात आणि वाळल्यावर झुबका कायमचा बसतो. कॅमेऱ्याची रबरी हवेची पिचकारी घ्या आणि वीतभर अंतरावरून हलकी फुंक मारा. जेवढी माती जाईल तेवढी जाऊ दे, उरलेली राहू दे.

गंजाच्या डागांसाठी लोक ऑक्झॅलिक ॲसिड सुचवतात. ते फक्त क्वार्ट्झ, ॲमेथिस्ट, अकीक यांना. कॅल्साइटवर त्याची पांढरी खपली धरते, झिओलाइटलाही टाळाच.

मोठा दगड लहान करायचा तर पोकळीजवळ घण मारू नका. लांबच्या कडेला छिन्नी लावा किंवा मार्बल कटरने पाणी सोडत मागून खाच पाडा. तोंडाला मास्क, डोळ्यांना चष्मा.

कन्नडकर

खूप आभार ताई. खाली विहिरीत उतरून पोकळीतूनच अख्खे नग काढता येतील का?

जालन्याची_गारगोटी

नको. न उडालेला सुरुंग, सैल झालेली कपार आणि तळाशी साचलेला वायू, तिन्ही जीवघेणे. यारीने वर आलेलंच बघा, तेही काम थांबल्यावर.

गोदाकाठ_नांदेड

जागांबद्दल थोडं. विहिरींचे ढिगारे आणि खडीकेंद्रांच्या खाणी, दोन्हीकडे मालकाची परवानगी लागते. गौताळा अभयारण्यातून दगडसुद्धा उचलायचा नाही, वेरूळ-अजिंठ्याच्या लेण्यांच्या आवारात तर हातोडी नेणंच नको. लेण्यांबाहेर विकायला असलेले गडद निळे-गुलाबी स्फटिक बहुतेक रंगवलेले असतात. रंग भेगांत साचलेला दिसतो, ॲसिटोनमध्ये बुडवलेल्या कापसाने पुष्कळदा सुटतो.

अकीक हवा तर पावसाळ्यानंतर गोदावरीच्या गोट्यांत शोधा. टॉर्च मागून धरा, कड मेणासारखी उजळली तर कॅल्सिडोनी किंवा अकीक (कॅल्सिडोनीचाच पट्टेदार प्रकार). आणि एकच एक काळा पाषाण बघून कंटाळा आला तर आमच्या देगलूर-बिलोलीकडे या. तिथे बेसॉल्ट संपून ग्रॅनाइट लागतो आणि गुलाबी फेल्डस्पार, अभ्रक, क्वार्ट्झ एकाच दगडात ओळखायला मिळतात.

कन्नडकर, एक काम आजच करा. धुण्याआधी प्रत्येक नगाला क्रमांक द्या: मागच्या काळ्या दगडावर पांढऱ्या नेलपॉलिशचा ठिपका, तो वाळल्यावर त्यावर काळ्या शाईने आकडा. वहीत त्या आकड्यासमोर गाव, गट नंबर, किती फुटांवर, तारीख, आणि सोबत कोणती खनिजं होती ते लिहा. ती विहीर बांधून झाली की ही माहिती परत मिळणार नाही.