मदत हवी आहे: कॅडिलॅक रँचला गुडघेदुखीवाली आई चालत जाऊ शकेल का?

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मी आणि आई (वय ७२) गाडीने अमेरिकेतल्या रूट ६६ या जुन्या महामार्गाच्या बाजूबाजूने तल्सा ते अमारिलो जाणार आहोत. दोन दिवस, साधारण ५९० किलोमीटर.

कॅटूसाचा तळ्यातला निळ्या देवमाशाचा पुतळा, ग्रूमची मुद्दाम तिरकी उभारलेली पाण्याची टाकी आणि मॅक्लीनचं 'डेव्हिल्स रोप' हे ठरलंय. हे शेवटचं म्हणजे चक्क काटेरी तारेचं संग्रहालय. आईला त्याचंच सगळ्यात जास्त कौतुक! टाकी तर गाडीतूनच दिसते.

अडलंय ते अमारिलोजवळच्या कॅडिलॅक रँचपाशी. १९७४ साली दहा कॅडिलॅक गाड्या नाकाडावर उभ्या करून शेतात गाडल्यात, तिथे. लोक स्प्रे मारून मारून आता पत्र्यावर रंगाची जाड साल चढलीय. ती आईला हाताने चाचपून बघायचीय, त्यामुळे 'रस्त्यावरूनच बघा' हा सल्ला नको. नकाशात फाटक दिसतं, उपग्रहाच्या चित्रात पायवाटही दिसते, पण जमीन कशी आहे ते कळत नाही. फोटो सगळे गाड्यांना चिकटून काढलेले.

आई काठी घेऊन सपाटीवर दहा मिनिटं चालते. व्हीलचेअर भाड्याने घेता येईल, पण चिखलात रुतली तर मी एकटाच ढकलणारा.

तर फाटकापासून गाड्यांपर्यंत वाट कितपत घट्ट आहे, आणि पाऊस पडून गेल्यावर किती दिवसांनी ती चालण्याजोगी होते? कोणी वयस्कर माणसाला घेऊन गेलंय का?