स्मार्ट टीव्ही आला, पण पाट्या कोऱ्याच

प्रश्न: झेडपी शाळेत चौथीला शिकवते. लोकवर्गणीतून टीव्ही आला, पहिले पंधरा दिवस नुसती जत्रा. आता अपूर्णांकाचा व्हिडिओ लावला की पोरं चिडीचूप बघतात, मला वाटतं समजलं, आणि पाटीवर पाऊण लिहा म्हटलं की सगळ्या पाट्या कोऱ्या. शेवटी काल डब्यातली भाकरी काढली, चार तुकडे केले, एक खाल्ला, तेव्हा कुठे मागून आवाज आला, "बाई, चारातले तीन उरले!" मग टीव्हीचं करायचं काय, तुम्ही कसा वापरता?

सोलापूरकर: ताई सलग लावूच नका. मी मध्येच पॉज करतो आणि पुढं काय होईल ते वहीत लिहायला लावतो, मगच प्ले. दहा मिनिटांच्या व्हिडिओला अख्खा तास जातो, जाऊदे.

निवृत्त_मास्तर: आमच्या सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या डिसले गुरुजींना २०२० साली ग्लोबल टीचर प्राइज मिळालं, त्यात पुस्तकातल्या क्यूआर कोडच्या (स्कॅन केला की धड्याचा व्हिडिओ उघडतो) कामाचा मोठा वाटा. पण कोड स्कॅन करायला घरी फोन लागतो ना, तो बापाबरोबर रानात असतो. दीक्षा या सरकारी शिक्षण ॲपवरचे व्हिडिओ आदल्या रात्रीच डाउनलोड करून ठेवा, शाळेत रेंज आणि लाईट दोघांचा भरवसा नाही.

प्रश्नकर्ती: पॉजचं उद्याच करते. लाईटचं म्हणाल तर आज सकाळपासून नाहीच, आणि भाकरी मात्र पोरांनी स्वतःहून आणलीय, सात जणांनी 😄