आत्याच्या पाटल्या सोनाराने परत दिल्या नाहीत. ही चोरी, फसवणूक की विश्वासघात? (मदत हवी आहे)

धागाकर्ता :
नमस्कार मंडळी. पोलीस ठाण्यात पुन्हा जायच्या आधी जाणकारांकडून समजून घ्यायचं आहे.

माझी आत्या पुण्यात पेठेत राहते, वय सत्तरीच्या पुढे. मे २०२४ मध्ये अक्षय्य तृतीयेला तिने नेहमीच्या सोनाराकडे चार तोळ्यांच्या पाटल्या दिल्या. नातसुनेसाठी तोडे करायचे होते. घडणावळीचे पंधरा हजार आगाऊ दिले. पेढी छोटी, पण जुनी. नाव इथे लिहीत नाही. आधी 'कारागीर गावाला गेलाय' झालं, मग 'सणाची गर्दी आहे'. गणपतीनंतर शटर उघडलंच नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर एकच उत्तर आलं, "काकू, सोनं अडकलंय, दिवाळीपर्यंत देतो." ती दिवाळी आली आणि गेली. त्याच गल्लीतल्या आणखी दोघींचं सोनंही त्याच्याकडेच राहिलं आहे.

ठाण्यात तक्रार अर्ज घेतला, शिक्का मारून पोच दिली. गुन्हा मात्र दाखल केला नाही. "तुम्ही स्वतःच्या हाताने दिलंत, मग चोरी कशी? व्यवहाराचा वाद आहे, दिवाणी कोर्टात जा," असं सांगितलं. हे बरोबर आहे का? आणि कलम जुनं लागणार की नवीन?

कट्टेकरी :
सरळ ४२० लावायला सांगा. एवढा काथ्याकूट कशाला?

निवृत्त पेशकार :
कट्टेकरी, ४२० आता बोलण्यातच राहिलं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, त्यात फसवणूक कलम ३१८ मध्ये येते. आणि इथे ते बसेलच असं नाही.

धागाकर्ते, आधी एक सांगा. चिठ्ठीवर नेमकं काय लिहिलंय? पाटल्या त्याने मोड म्हणून विकत घेऊन रक्कम नव्या दागिन्यात वळती करायची होती, की त्याच सोन्याचे तोडे घडवायचे होते? सगळं यावर आहे.

धागाकर्ता :
छापील चिठ्ठी आहे, खाली त्याची सही. पाटल्यांचं वजन, तारीख आणि 'तोडे करणे, घडणीस आले'. दर किंवा रक्कम कुठेही नाही. घडणावळीची आगाऊ रक्कम मागच्या बाजूला लिहिली आहे.

निवृत्त पेशकार :
मग तुमची बाजू चांगली आहे. मोड विकली असती तर सोनं त्याच्या मालकीचं झालं असतं आणि तुमचं फक्त येणं उरलं असतं. तेव्हा दिवाणी वाद म्हणणाऱ्या हवालदाराचं बोलणं बऱ्याच अंशी खरं ठरलं असतं. इथे सोनं आत्याचंच राहिलं, त्याच्याकडे फक्त सोपवलेलं होतं.

चोरी नाही, एवढं ठाण्यातलं म्हणणं बरोबर आहे. चोरीत वस्तू दुसऱ्याच्या ताब्यातून त्याच्या संमतीशिवाय हलवावी लागते. १८६० च्या दंड संहितेत चोरीच्या कलमाखाली एक उदाहरण होतं : प्रवासाला निघालेला माणूस आपली चांदीची भांडी वखारवाल्याकडे ठेवतो आणि तो ती सोनाराला विकतो. कायदा म्हणतो, ही चोरी नव्हे, पण विश्वासघाताचा गुन्हा होऊ शकतो. म्हणजे 'चोरी नाही' इथून 'गुन्हाच नाही' इथे उडी मारता येत नाही.

हा गुन्हा फौजदारी विश्वासघाताचा. पूर्वी कलम ४०६, आता ३१६(२), शिक्षा पाच वर्षांपर्यंत, आणि दखलपात्र, म्हणजे पोलीस कोर्टाच्या हुकुमाशिवाय तपास करू शकतात. सोनं मे महिन्यात दिलं म्हणून जुनं कलम, असंही नाही. सोपवणं हा गुन्हा नव्हे. हडप केलं तेव्हा गुन्हा घडला, आणि सगळ्या खुणा जुलैनंतरच्या दिसतात. नक्की केव्हा, ते तपासात ठरेल. अर्जात घटनाक्रम तारखांसकट लिहा, कलम पोलिसांना लावू द्या.

फसवणूक म्हणायची तर सोनं घेतानाच त्याच्या मनात बुडवायचं होतं, हे दाखवावं लागतं. नंतर धंदा बसला आणि नियत फिरली, तर ती फसवणूक नाही. दोन्ही एकदम ठोकून द्यायची आपल्याकडे खोडच आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये दिल्ली रेस क्लबच्या प्रकरणात सांगितलं की, त्याच घटनेवर विश्वासघात आणि फसवणूक एकत्र नांदू शकत नाहीत. मात्र मे महिन्यातच तो आधीच्या लोकांचं सोनं गहाण टाकून नवं घेत होता, असं निघालं तर चित्र बदलेल. त्यासाठी त्या दोघींच्या तारखा मिळवा.

सोनचाफा :
त्या दोघींनी स्वतंत्र अर्ज द्यावा की एकत्र? आणि सोनं मिळण्याची आशा आहे का?

निवृत्त पेशकार :
अर्ज वेगवेगळे द्या, प्रत्येकीची चिठ्ठी आणि तारीख वेगळी आहे. एकमेकींचा उल्लेख मात्र करा. सोन्याचं खरं सांगायचं तर चार तोळे वितळून लगड झाली असेल, तर त्याच पाटल्या दिसणार नाहीत. पण विश्वासघाताने लाटलेला माल कायद्याने चोरीचा माल धरला जातो, तो जाणूनबुजून घेणाराही ३१७ खाली अडकतो. गहाण ठेवल्याचं निघालं तर पोलीस जप्त करतात आणि कोर्टातून सुपूर्दनाम्यावर, म्हणजे मागाल तेव्हा हजर करू अशा हमीवर, परत मागता येतो. गुन्हाच नोंदला नाही तर जप्ती कुठली!

धागाकर्ता :
पुन्हा 'दिवाणी' म्हणाले तर?

निवृत्त पेशकार :
दखलपात्र गुन्हा दिसला की पोलिसांनी तो नोंदवायलाच हवा, असं सांगणारा सर्वोच्च न्यायालयाचा ललिता कुमारी निकाल (२०१३) आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा) कलम १७३ यांचा अर्जात उल्लेख करा. तीन वर्षं किंवा जास्त, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात वरिष्ठांच्या परवानगीने चौदा दिवसांच्या आत प्राथमिक चौकशी करता येते, ती करायची असेल तर खुशाल करा म्हणावं. तरी नाही झालं तर हाच अर्ज परिमंडळाच्या पोलीस उपायुक्तांना स्पीड पोस्टाने पाठवा. त्यानंतर शिवाजीनगर कोर्टात प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे प्रतिज्ञापत्रासह कलम १७५(३) चा अर्ज, म्हणजे पोलिसांना तपासाचा आदेश द्या अशी मागणी. तिथे वकील लागेलच. गुन्हा नोंदला की प्रत फुकट मिळते, मागून घ्या.

व्हॉट्सअ‍ॅपचा 'सोनं अडकलंय' हा निरोप फार मोलाचा आहे. सोनं मिळालं होतं याची ती कबुलीच आहे. आत्याचा फोन बदलू नका, रीसेट करू नका. नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही, पुढे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं.

धागाकर्ता :
मनापासून आभार. सोमवारी नवा अर्ज घेऊन जातो. मूळ चिठ्ठी ठाण्यात जमा करायची का?

निवृत्त पेशकार :
आता छायाप्रत जोडा, मूळ नुसती दाखवा. तपासात मागितली तर पंचनामा करूनच द्या आणि त्याची प्रत घ्या. त्याआधी चिठ्ठीचे दोन्ही बाजूंचे फोटो काढा, आगाऊ रक्कम मागे आहे म्हणालात ना.