मदत हवी आहे: भाच्याला इन्स्टावर त्रास, आणि फोन हातातून सुटत नाही (सोलापूर)

होटगीरोड
भाचा नववीत, जुळे सोलापूरला राहतो. शिकवणीच्या क्लासच्या पोरांनी इन्स्टावर ‘कन्फेशन’ पेज काढलंय, चालवतो कोण ते कळत नाही. त्यावर ह्याचे गड्ड्याच्या जत्रेतले फोटो टाकून खाली वाटेल ते लिहितात. व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याच्या तोंडाचे स्टिकर फिरतायत. पोरगं रात्री दोनपर्यंत स्क्रीनकडं बघत बसतं, सकाळी शाळा नको म्हणतं. दाजी म्हणतात व्यसन लागलंय, फोन कपाटात टाकतो. ताई म्हणते पोलिसात जाऊ. आधी काय करायचं?

शेंगाचटणी
फोन कपाटात नको, निदान आज तरी नको. पुरावा त्याच फोनमध्ये आहे. शिवाय ‘सांगितलं की फोन जातो’ हे एकदा कळलं, की पोरगं पुढचं काही सांगत नाही.

दोनपर्यंत जागणं मला व्यसनापेक्षा पहारा वाटतो. असल्या पेजवर पोस्ट बहुधा रात्री पडतात. आपल्याबद्दल नवीन काय आलं, कोण हसलं, हे बघितल्याशिवाय त्याला झोप कशी लागणार? तो पहारा मोठ्या माणसानं अंगावर घ्यायचा. पेजवर लक्ष तुम्ही ठेवा, सकाळ-संध्याकाळ एकदा बघा. त्याला त्या पेजवरून बाहेर काढा आणि सांगा, काही आलं तर मी जपून ठेवीन, तू बघू नकोस.

पुरावा असा घ्या. नुसता पोस्टचा स्क्रीनशॉट पुरत नाही. स्क्रीन रेकॉर्डिंग चालू करून प्रोफाइलपासून सुरुवात करा, पेजचं नाव दिसू द्या, मग पोस्ट, मग कमेंट, सगळं एकाच रेकॉर्डिंगमध्ये. तीन ठिपक्यांतून प्रोफाइलची लिंक कॉपी करा. ‘अबाउट धिस अकाउंट’मध्ये खातं कधी उघडलं आणि नाव किती वेळा बदललं ते दिसतं, त्याचाही स्क्रीनशॉट घ्या. ही पोरं नाव बदलतात, मग जुनी लिंक उघडत नाही. स्टोरी २४ तासांत जाते, पण तिचा स्क्रीनशॉट काढला तर समोरच्याला कळत नाही. गायब होणाऱ्या मेसेजचा काढला की कळतं, तिथं दुसऱ्या फोननं फोटो घ्या.

व्हॉट्सॲप ग्रुप सोडायच्या आधी चॅट एक्सपोर्ट करा, मीडियासकट. मग सेटिंग्ज, प्रायव्हसी, ग्रुप्स इथं जाऊन ‘माय काँटॅक्ट्स एक्सेप्ट’ निवडा आणि त्या पोरांवर खुणा करा. नाहीतर आज बाहेर पडला की उद्या दुसऱ्या ग्रुपमध्ये ओढतील.

पत्रातालीम
एवढं कशाला ओ? फोन काढून घ्या, चार दिवस रडेल, गप होईल.

शेंगाचटणी
@पत्रातालीम पेज कुठं गप होतंय? तो मित्राच्या फोनवरून बघेल, एवढाच फरक.

होटगीरोड
पेज आम्ही नातेवाइकांनी मिळून वीस जणांनी रिपोर्ट केलं. काही झालं नाही.

वायफायवाला
वीस काय, दोनशे करा. किती जणांनी रिपोर्ट केलं ह्यावर पोस्ट उडत नाही, नियम मोडलाय का ते बघतात. पूर्ण पेज रिपोर्ट करून सोडू नका, एकेक पोस्ट आणि एकेक कमेंट धरा, आणि तेही भाच्याच्याच खात्यावरून. कारण ‘बुलिंग ऑर हरॅसमेंट’ निवडा. त्याच्या नावानं खोटं खातं असेल तर कारण वेगळं, तोतयेगिरीचं. रिपोर्ट फेटाळला तर तिथंच फेरतपासणी मागता येते.

ओळखीच्या पोरांना ब्लॉक करायच्या आधी ‘रिस्ट्रिक्ट’ करून बघा. ब्लॉक केलं की त्याला कळतं, मग नवं खातं उघडून येतो. रिस्ट्रिक्टमध्ये त्याची कमेंट त्याची त्यालाच दिसते, मेसेज रिक्वेस्टमध्ये जाऊन पडतो. ब्लॉक करायचंच असेल तर त्याच्या पुढच्या खात्यांसकट करायचा पर्याय घ्या.

इन्स्टाच्या ‘हिडन वर्ड्स’मध्ये शिव्या हातानं भरा, त्या शब्दांच्या कमेंट आणि मेसेज लपवले जातात. आपल्याकडं पोरं रोमन लिपीत लिहितात, त्यामुळं एकेका शब्दाची तीन-चार स्पेलिंगं टाका. आणि हे सोलापूर आहे: मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि दखनी हिंदीतल्याही टाका. यादी भाच्यालाच करू द्या, त्याला जास्त माहिती आहेत.

खात्यावर जन्मसाल कुठलं टाकलंय ते बघाच. खरं असेल तर १८ खालच्यांना ‘टीन अकाउंट’ आपोआप लागतं: खातं प्रायव्हेट, ओळख नसलेल्यांचे मेसेज बंद, रात्री १० ते सकाळी ७ नोटिफिकेशन बंद. १६ खालच्याला हे सैल करायला पालकांची परवानगी लागते. बहुतेक पोरं साल खोटं टाकतात, मग ह्यातलं काहीच चालत नाही. खालच्या पट्टीतल्या प्रोफाइलच्या फोटोवर दाबून धरलं की त्या फोनवर जोडलेली दुसरी खातीही दिसतात. हे त्याच्यासमोर करा, चोरून नको.

कोर्टकचेरी
पोलिसांचं सांगतो. १९३० हा नंबर पैशांच्या फसवणुकीसाठी आहे, ह्या कामाला सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन. तिथं महिला-बालकांच्या विभागात नाव न देताही तक्रार होते, पण तिचा पुढचा माग काढता येत नाही, म्हणून नाव देऊन करा. जुळे सोलापूर म्हणजे शहर आयुक्तालयाचं सायबर पोलीस ठाणं. मोहोळ, अक्कलकोटचे असाल तर ग्रामीण.

नुसत्या टिंगलीवर कायदा तोकडा पडतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं आक्षेपार्ह मेसेजबद्दलचं कलम ६६ अ सुप्रीम कोर्टानं २०१५ मध्येच रद्द केलं, तरी लोक अजून तेच घेऊन येतात. खोटं खातं असेल तर ६६ क (ओळखचोरी) आणि ६६ ड (तोतयेगिरी करून फसवणूक). फोटो अश्लील करून टाकला असेल तर ६७ ब आणि पॉक्सो (मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा), मग एक तासही थांबू नका. असला फोटो ‘पुरावा’ म्हणून फॅमिली ग्रुपवर पाठवू नका, पाठवणाराही अडकतो. तो इतरत्र पसरू नये म्हणून ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा आहे. फोटो फोनमध्येच राहतो, त्याचा फक्त डिजिटल ठसा सहभागी कंपन्यांकडं जातो.

समोरची पोरंही १८ खालची आहेत. त्यांचं प्रकरण बाल न्याय मंडळाकडं जातं, आणि किरकोळ बाबतीत एफआयआरऐवजी डायरीत नोंद होते. ‘आत टाकतो’ म्हणून कुणाच्या दारात जाऊ नका. दुसऱ्याच्या पोराला दम दिलात तर उलटी तक्रार तुमच्यावर.

शेंगाचटणी
झोपेचं राहिलंच. फोनचा चार्जर हॉलमध्ये लावा, आणि त्या वेळेला दाजींचा फोनही तिथंच. अलार्मसाठी साधं घड्याळ आणा, नाहीतर ‘अलार्म लावायचाय’ म्हणून फोन परत उशाशी जातो. अँड्रॉइडच्या डिजिटल वेलबीइंगमध्ये इन्स्टाला रोजची मर्यादा लावा, पण चार तासांवरून एकदम अर्ध्या तासावर नको, दर आठवड्याला थोडी खाली आणा.

जेवण तुटलं, ‘मी नसतो तर बरं’ असलं काही बोलला, अंगावर कापल्याच्या खुणा दिसल्या, तर हे सगळं बाजूला ठेवा. १४४१६, टेलिमानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, चोवीस तास, मराठीत बोलतात. आणि सिव्हिलच्या मानसोपचार विभागात घेऊन जा, सकाळच्या ओपीडीला.

होटगीरोड
क्लासचे सर म्हणतात, पेज क्लासचं नाही, आमचा संबंध नाही. शाळा म्हणते, हे क्लासमधलं आहे.

कोर्टकचेरी
तोंडी बोलणं बंद करा. दोघांना वेगवेगळा अर्ज, प्रत्येकी दोन प्रती, आपल्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख. शाळेच्या अर्जात ‘सखी सावित्री समितीपुढं ठेवावा’ असं लिहा. २०२२ च्या शासन निर्णयानं ही मुलांच्या सुरक्षिततेची समिती प्रत्येक शाळेत असायला हवी. मागणी मोघम नको: पेज बंद करायला लावणं, बाकाची जागा बदलणं, मधल्या सुट्टीत लक्ष ठेवणारा एक शिक्षक नावानिशी. पोरांची नावं अंदाजानं घालू नका. क्लासच्या सरांना एवढंच विचारा, स्टिकर फिरतात त्या ग्रुपचा ॲडमिन कोण. सर स्वतःच असतील तर ते मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करायचं बटण त्यांच्याच हातात आहे. एक्सपोर्ट झाल्यावर मात्र, त्याआधी नको.