बाल आनंद मेळाव्यासाठी दुसऱ्या देशांतलं रोजचं जेवण: गावातल्या सामानात काय करता येईल?

पळसपान
नमस्कार. आर्वी तालुक्यातल्या एका लहान गावातून लिहिते आहे. मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीत आहे. २६ जानेवारीच्या आधी शाळेत बाल आनंद मेळावा असतो. दरवर्षी पोहे, आलूबोंडे, भेळ असेच स्टॉल लागतात. यंदा तिनं ठरवलंय की दुसऱ्या देशांतली साधी माणसं घरी रोज जे खातात ते करायचं. पिझ्झा-नूडल्स नको म्हणते, ते तर स्टँडवर पण मिळते.

गावात दोन किराणा दुकानं न आठवडी बाजार, एवढंच. ओव्हन नाही. गॅस आहे, चूल आहे. अंडं-मटण शाळेत चालत नाही. प्लेट दहा रुपयांची, खर्च पाचशेच्या आत. ज्वारी, तूर, हरभरा घरचा आहे. कोणी स्वतः करून पाहिलेलं सांगितलं तर फार बरं होईल.

कापूसकोंड्या
ताई, इथिओपिया घ्या. नागपूरला शिकत होतो तेव्हा शेजारच्या खोलीत तिकडची दोन मुलं राहायची. आईनं डब्यात पाठवलेलं पिठलं त्यांनी खाल्लं आणि म्हणाले, हे तर आमचं शिरो! खरंच तेच आहे. भाजलेल्या हरभऱ्याचं पीठ, कांदा, लसूण, लाल तिखट. त्यांच्यात उपासाचे दिवस पुष्कळ, त्या दिवशी मांसही नाही न दूधही नाही. तेव्हा घरोघरी शिरो शिजते.

फरक दोन. मोहरी-जिऱ्याची फोडणी नाही आणि हळद नाही. कांदा बारीक चिरून आधी कोरडाच परततात, तेल नंतर. मग लसूण, तिखट, थोडी मेथीपूड, सुंठ, वेलची. पीठ वैरून मंद आचेवर पंचवीस मिनिटं, वर तेल दिसेपर्यंत. आपण पिठलं पाच-दहा मिनिटांत उतरवतो, तिथंच चव बदलते.

सोबत इंजेरा, म्हणजे आंबवलेल्या पिठाची मऊ, जाळीदार भाकरी. ती मुळात टेफ नावाच्या बारीक धान्याची, पण तिकडे ज्वारीचीही करतात.

मायची_चूल
इंजेरा मी ज्वारीची करून पाहिली आहे, म्हणून सांगते. नुसत्या ज्वारीची पहिली खेप तव्यावर फाटली. मग कापूसकोंड्या भाऊंनीच मागे एका धाग्यात सांगितलेली युक्ती केली. पीठ भिजवून दोन दिवस आंबवायचं (जानेवारीच्या थंडीत तीन दिवस धरा, भांडं चुलीजवळ ठेवा). नंतर त्यातलं वाटीभर पीठ पाण्यात शिजवून घट्ट करायचं, अगदी आपल्या उकडीसारखं, आणि कोमट झालं की परत सगळ्यात कालवायचं. ते पुन्हा फुगून आलं की घाला. तीन वाट्या ज्वारीला एक वाटी गव्हाचं पीठ घेतलं तर फाटत नाही.

मातीचा तवा चांगला तापू द्या. पीठ बाहेरून आत गोल सोडत जायचं. क्षणात वर बारीक बारीक छिद्रं पडतात, त्यांना ते लोक डोळे म्हणतात. डोळे उघडले की झाकण ठेवा. उलटायची नाही! आपला हात सवयीनं कालथ्याकडे जातो, तेवढा आवरा. झाली की टोपल्यावर कापडात काढायची, गरम एकावर एक ठेवल्या तर चिकटतात. आणि उरली तर टाकू नका. तिकडे शिळ्या इंजेराचे तुकडे तिखट रश्श्यात परतून सकाळी खातात, त्याला फिरफिर म्हणतात. आपला भाकरीचा कुस्कराच तो.

धानपट्टा
आमच्या इकडे भंडाऱ्याला भातच भात. मी पोट्ट्यांसाठी जपानी ओनिगिरी केली होती, भाताचे मुटके. पण एचएमटीचा भात मोकळा होते, मुटका हातात धरला की सुटून जाये. चाळीसपैकी दहा बी टिकले नाही. त्याले चिकट तांदूळच लागते. ताई, त्याच्या नादी लागू नका. (एचएमटी आपल्याच मातीतला आहे, नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडेंनी निवडून काढलेला. तो खिचडी-पुलावातच शोभते.)

तुमी इजिप्तची कोशरी करा. भात, अख्खा मसूर, मॅक्रोनी, उकडलेले चणे, वरून टमाट्याची आंबट-तिखट चटणी आणि कुरकुरीत तळलेला कांदा. कैरोत रस्त्यावर, घरात, सगळीकडे खातात. सारं किराण्यात भेटते. चाळीस लहान प्लेटींचा माझा हिशोब: तांदूळ दीड किलो, मसूर पाऊण किलो, मॅक्रोनी अर्धा, चणे अर्धा, कांदे दोन किलो, टमाटे दीड. चटणीत लसूण न शिरका सढळ हातानं. कांदा तळलेलं तेल फेकू नका, त्याच तेलात भात-मसूर परतायचा. जीव त्याच्यातच आहे.

मृगबहार
वरूडचा आहे, संत्री सोडून काय सांगणार. मोरोक्कोत जेवणानंतर संत्र्याच्या गोल चकत्या करून वर दालचिनीची पूड भुरभुरतात. गॅस नको, चूल नको. पांढरी साल पूर्ण काढा, नाहीतर कडू लागते. आंबिया बहाराची संत्री, म्हणजे तो माल, जानेवारीत जवळपास संपलेला असतो, त्यामुळे ओळखीच्या बागेत आधीच सांगून ठेवा.

गुजरी_बाजार
पिण्यासाठी लाल अंबाडी! तिच्या वाळलेल्या बोंडांचं सरबत सुदान-इजिप्तमध्ये करकदे, सेनेगलमध्ये बिसाप, मेक्सिकोत आग्वा दे हामाइका. आपल्या धुऱ्यावर उभी असते न आपण भाजी-भाकरीपुरती वापरतो. एका प्याल्याला चार-पाच बोंडं, उकळत्या पाण्यात दहा मिनिटं झाकून, गाळून गूळ. जर्मनच्या गंजात करू नका, आंबट आहे, स्टीलचंच घ्या. एकाच फुलाची चार देशांतली नावं पाटीवर लिहायला लावा मुलीला.

लाखोळी_डाळ
स्पेनच्या ला मांचा भागात लाखोळी डाळीच्याच पिठाचं लसूण घालून पिठलं करतात, गाचास म्हणतात. चुलीवर मस्त होईल.

मायची_चूल
दादा, माहिती छान आहे, पण शाळेत नको. लाखोळी रोजचं मुख्य अन्न म्हणून महिनोन्‌महिने खाल्ली तर पाय लुळे पडतात, हे आपल्या भागातल्या जुन्या लोकांनी पाहिलंय. एका वाटीनं काही होत नाही हे मलाही कळतं, तरी दुसऱ्यांच्या लेकरांना देताना वाद कशाला.

लाखोळी_डाळ
मान्य ताई. मग हरभराच बरा.

पळसपान
सगळ्यांचे मनापासून आभार. काल मेळावा झाला. कोशरी, शिरो-इंजेरा आणि करकदे ठेवलं. संत्री वेळेवर मिळाली नाहीत.

सामानाला चारशे साठ लागले, बाराच्या आत कोशरी संपली. इंजेराच्या पहिल्या तीन फाटल्या, मग मुलीनंच आच कमी केली आणि नीट जमल्या. माझ्या सासूबाई आल्या होत्या, त्यांचे दात गेलेत, भाकरी दुधात चुरून खातात. त्यांनी इंजेरा नुसती हातात घेऊन दाबून पाहिली, शिरोला लावून खाल्ली आणि म्हणाल्या, "काहून वं, हे आधी नाही केलं?" आज घरी पुन्हा पीठ भिजवलंय.

कापूसकोंड्या भाऊ, एक विचारायचं होतं. पुढच्या खेपेसाठी आंबलेल्या पिठातलं थोडं विरजण म्हणून राखून ठेवलं तर चालते का, आणि किती दिवस टिकते?

कापूसकोंड्या
चालते ताई, ते लोकही तसंच करतात. पीठ बसल्यावर वर जे पिवळसर पाणी येते ते वाटीभर काढून ठेवा, त्याला एर्शो म्हणतात. आठवड्यात एकदा तरी घालत राहाल तर नवं विरजण लागणारच नाही.