एआर-१५चे अपर : दुप्पट किमतीत नेमके काय जास्त मिळते?

ह्यूस्टनकर (धागाकर्ता)

टेक्सासमध्ये नेमबाजी करणाऱ्या आम्हा मराठी मंडळींत महाग अपर घ्यावे की स्वस्त हा वाद वरचेवर निघतो आणि दर वेळी तो कंपन्यांच्या नावांपाशी अडकून पडतो, म्हणून तो येथे सविस्तर मांडतो.

एआर-१५ रायफलीचे दोन मुख्य भाग असतात. अनुक्रमांक खालच्या भागावर, म्हणजे लोअरवर असतो आणि अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याच्या दृष्टीने तोच भाग 'शस्त्र' ठरतो. वरचा भाग म्हणजे अपर. त्यात रिसीव्हर (बाकीचे भाग सामावणारा सांगाडा), बॅरल (नळी), गॅस यंत्रणा (झाडलेल्या काडतुसाच्या गॅसने बोल्ट मागे ढकलणारी), हँडगार्ड (नळीभोवतीचे धरायचे आवरण) आणि बहुधा बोल्ट कॅरियरही (काडतुसामागून नळी बंद करणारा बोल्ट मागेपुढे नेणारा भाग) येतो; पण अपर हा सुटा भाग मानला जात असल्यामुळे बहुतेक राज्यांत सरळ घरपोच मागवता येतो. त्यामुळे एका कंपनीच्या लोअरवर दुसऱ्या कंपनीचे अपर बसवणे येथे सर्रास चालते आणि रायफल किती अचूक, किती टिकाऊ, किती भरवशाची हे बहुतांशी अपरवरच ठरते.

साउथ कॅरोलायनातील पामेटो स्टेट आर्मरीचे पूर्ण अपर सवलतीच्या दिवसांत साधारण ३०० ते ४०० डॉलरला मिळते. ब्राव्हो कंपनीच्या अपरला त्याच्या दुपटीच्या आसपास पैसे पडतात आणि डॅनियल डिफेन्सचे अपर त्याहूनही महाग असते. माझे म्हणणे असे की हा फरक धातूचा नाही. रिसीव्हर जवळजवळ सगळ्यांचाच ७०७५-टी६ अ‍ॅल्युमिनियमचा आणि फोर्जिंग करून (साच्यात ठोकून) घडवलेला असतो. कच्चे फोर्जिंग देशातल्या मोजक्याच कारखान्यांतून येते आणि वेगवेगळ्या नावांच्या रिसीव्हरवर त्याच कारखान्याची बारीक खूण उमटलेली दिसते. जास्तीचे पैसे जातात ते तपासणीला आणि जुळणीला. बोल्ट कॅरियरवरची गॅस की (गॅस आत घेणारी छोटी नळी) दोन स्क्रूंनी बसवलेली असते आणि हे स्क्रू सुटू नयेत म्हणून शेजारचा धातू ठोकून त्यांच्या डोक्यांत दाबावा लागतो. हे काम वरवर केले असेल तर स्क्रू हळूहळू ढिले होतात, गॅस गळते आणि बोल्ट पूर्ण मागे जात नाही. स्वस्त अपरमध्ये मला हाच दोष सर्वांत अधिक आढळला आहे. महाग कंपनी विकते ती खात्री, आणि ती खात्री विकत घेण्यासारखी आहे असे माझे मत आहे.

डॅलसचा नेमबाज

धागाकर्त्यांचे निदान मला मान्य आहे, त्यावरून काढलेला निष्कर्ष मान्य नाही. फरक तपासणीचाच असेल तर ती तपासणी मी घरी का करू नये? गॅस की नीट ठोकली आहे की नाही हे नुसत्या डोळ्यांनी कळते आणि नसेल तर कोणताही गनस्मिथ ते काम थोडक्या पैशांत करून देतो.

आता हिशेब पाहा. या रायफलीत वापरायची ५.५६ मिमीची साधी काडतुसे आज ४० ते ५० सेंटला एक पडतात. अपरवर वाचलेल्या ४०० डॉलरमध्ये आठशे ते हजार फैरी झाडता येतात, आणि ज्याने वर्षभरात तेवढ्याही झाडलेल्या नाहीत त्याच्या हातात कोणते अपर आहे याने लक्ष्यावर काडीचाही फरक पडत नाही. आपल्या लोकांत (मी मराठी म्हणतोय, अमेरिकन नव्हे) वस्तू उत्तम घ्यायची आणि मग जपून कपाटात ठेवायची अशी एक खोड आहे.

शिवाय 'स्वस्त कंपनी' हे एकच एक प्रकरण नाही. पामेटोच्याच वरच्या श्रेणीतल्या काही अपरमध्ये एफएन या शस्त्र कंपनीने बनवलेल्या, थंड अवस्थेत ठोकून घडवलेल्या आणि आतून क्रोम चढवलेल्या बॅरल असतात. अमेरिकी लष्करासाठी एम४ कार्बाइन (आखूड रायफल) बनवणारी ही एफएनच. तेव्हा नावावरून दर्जा ठरवायचा तर नेमके कोणते नाव पाहायचे, पेटीवरचे की बॅरलवरचे?

चाकणचा लोहार

मी भारतात राहतो, त्यामुळे या रायफली बाळगण्याचा प्रश्नच येत नाही. परंतु वाहनांच्या फोर्जिंगची गुणवत्ता तपासण्यात माझी बरीच नोकरी गेली आहे आणि तुम्ही ज्याला 'घरी करता येणारी तपासणी' म्हणता त्यावर मला गंभीर आक्षेप आहे.

गॅस की डोळ्यांना दिसते, हे खरे. परंतु बोल्टचे काय? या रायफलीत सर्वांत जास्त ताण सोसणारा भाग बोल्ट आहे. त्याचे दाते आणि कॅम पिनसाठी (बोल्ट फिरवणाऱ्या खिळीसाठी) आरपार असलेले छिद्र या दोन ठिकाणी तडा जातो आणि सुरुवातीला तो तडा केसाहून बारीक असतो. लष्करी विनिर्देशात बोल्टसाठी कार्पेंटर १५८ हे पोलाद, त्यावर शॉट पीनिंग (बारीक गोळ्यांचा मारा), मग सुमारे ७०,००० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दाबाचे चाचणी काडतूस झाडणे आणि त्यानंतर चुंबकीय कण तपासणी असा क्रम आहे. क्रँकशाफ्टसाठी आम्ही हीच चुंबकीय तपासणी करतो : भागाला चुंबकित करायचे, त्यावर चमकणारे लोहकण असलेला द्रव सोडायचा आणि अतिनील दिव्याखाली पाहायचे, तडा असेल तेथे कणांची रेघ उभी राहते. ही तपासणी तुम्ही गॅरेजमध्ये कशी करणार?

यापुढचा मुद्दा ग्राहकाच्या सहसा लक्षात येत नाही. 'तपासलेला बोल्ट' असे लिहिलेले असते तेव्हा प्रत्येक बोल्ट तपासलेला आहे की प्रत्येक घाण्यातला (एका खेपेतला) एखाद-दुसरा, हे विचारावे लागते. नमुना तपासणी वाईट असते असे नाही. ज्या कारखान्यात उष्णतोपचाराची भट्टी स्थिर आहे, कठिणतेच्या नोंदी रोज ठेवल्या जातात आणि कच्च्या मालाचा प्रत्येक लॉट ओळखता येतो, तेथे नमुन्यावरून घाण्याबद्दल बोलण्याचा अधिकार असतो. पण जी कंपनी आज या पुरवठादाराकडून आणि उद्या स्वस्त मिळाले म्हणून दुसऱ्याकडून बोल्ट उचलते, तिच्या बाबतीत नमुना फक्त स्वतःबद्दल सांगतो, शेजारच्या बोल्टबद्दल नाही. कार्पेंटर १५८ऐवजी ९३१० पोलाद वापरले म्हणून नाक मुरडण्याचे कारण नाही, कारण उष्णतोपचार नीट झाला तर तेही उत्तम काम देते. 'नीट झाला तर' या अटीचेच तुम्ही पैसे देता.

तिरकस

लोहारदादांचे विवेचन वाचून बोल्टला दंडवत घालावासा वाटला. मात्र महाग अपरचे भक्त पुरावा म्हणून काय देतात तेही पाहू. पॅट रॉजर्स या प्रशिक्षकाच्या वर्गांत हातोहात फिरलेल्या ब्राव्हो कंपनीच्या एका कार्बाइनने जवळपास कधीही साफ न होता, नुसत्या तेलावर, ३१ हजारांहून अधिक फैरी झाडल्या. 'फिल्थी १४' या टोपणनावाने २०१०च्या सुमारास तिचा फार गाजावाजा झाला. या कथेतला बोल्ट मध्ये बदलावा लागला होता, हे मात्र भक्तमंडळी हळू आवाजात सांगतात. आणि मुख्य म्हणजे ती एकच रायफल होती. आत्ताच लोहारदादा म्हणाले ना की नमुना फक्त स्वतःबद्दल सांगतो?

ह्यूस्टनकर

तिरकस यांचा टोला योग्य जागी बसला आहे, तरी त्या कार्बाइनने एक गोष्ट निश्चित दाखवली : भरपूर वंगण आणि योग्य गॅस असेल तर ही यंत्रणा घाणीला लोक समजतात तेवढी घाबरत नाही. ब्राव्होचा दर्जा त्यातून सिद्ध होतो असे मीही म्हणणार नाही.

डॅलसच्या नेमबाजांच्या हिशेबाला मात्र उत्तर द्यायला हवे. कोणी दहा हजार फैरी झाडणार असेल तर त्याचे चार-पाच हजार डॉलर काडतुसांवर जाणार आहेत. त्या खर्चापुढे अपरमधला ४०० डॉलरचा फरक किरकोळ ठरतो. म्हणजे जो कमी झाडतो त्याला महाग अपरची गरज नाही आणि जो पुष्कळ झाडतो त्याला त्याची किंमत जाणवत नाही. तुमचा हिशेब बरोबर आहे, पण तो फक्त पहिल्या गटाला लागू पडतो.

वैशाली, फिनिक्स

या सगळ्या चर्चेत लष्करी विनिर्देश हाच दर्जाचा कळस मानला गेला आहे. मी स्पर्धेसाठी नेमबाजी करते आणि मला ते पटत नाही. लष्कराला चिखलात, पावसात, पोळलेल्या बॅरलने चालणारे शस्त्र हवे असते. व्हिएतनाममध्ये सुरुवातीच्या एम१६चे चेंबर (काडतूस बसते ती जागा) क्रोम न चढवल्यामुळे गंजले, बदललेल्या दारूने भर घातली, काडतुसांच्या पुंगळ्या आत अडकल्या आणि १९६७ साली काँग्रेसच्या समितीला चौकशी करावी लागली. क्रोमचा आग्रह त्या कटू अनुभवातून पक्का झाला. परंतु आतला क्रोमचा थर सर्वत्र सारख्या जाडीचा बसवणे कठीण असते आणि अचूकतेच्या बाबतीत क्रोम न चढवलेले, ४१६आर स्टेनलेस पोलादाचे, '.२२३ वाइल्ड' नावाच्या मापाचे चेंबर असलेले चांगले बॅरल बहुधा पुढे निघते. ते झिजतेही लवकर. मला ते चालते, सैनिकाला चालणार नाही. तेव्हा 'कोणाचे अपर अधिक चांगले' या प्रश्नाला 'कशासाठी' हे जोडल्याशिवाय उत्तर देता येत नाही.

अचूकतेच्या जाहिरातींबद्दलही सांगते. तीन गोळ्यांचा गट एक इंचात बसवून त्याचे छायाचित्र लावणे फार सोपे असते. त्याच अपरने दहा-दहा गोळ्यांचे गट सलग काढले की आकार सहज वाढतो आणि बॅरल तापल्यावर गट सरकतो की नाही हेही कळते. दहा गोळ्यांचे गट दाखवणारी कंपनी, मग ती स्वस्त असो की महाग, मला अधिक विश्वासाची वाटते. रिसीव्हर आणि बॅरल एक्स्टेंशन (बॅरलचा रिसीव्हरमध्ये शिरणारा मागचा भाग) यांच्यामधला सैलपणाही यात येतो. ब्राव्होचे रिसीव्हर इतके घट्ट असतात की बॅरल बसवण्यापूर्वी रिसीव्हर गरम करावा लागतो, आणि हे काम मला मनापासून आवडते. तरी ढिल्या रिसीव्हरवर बसवलेले उत्तम बॅरल घट्ट रिसीव्हरवरच्या सामान्य बॅरलला हरवते, हा क्रम उलटा करू नये.

डॅलसचा नेमबाज

वैशालीताईंशी सहमत. ज्याची दखल अजून कोणी घेतली नाही तो दोष म्हणजे गॅस पोर्टचे माप. बॅरलमधले हे छिद्र काही स्वस्त कंपन्या मुद्दाम मोठे ठेवतात, म्हणजे मिळमिळीत काडतुसावरही रायफल चालते आणि तक्रारी येत नाहीत. मग पूर्ण ताकदीचे काडतूस घातले की बोल्ट वाजवीपेक्षा जोरात मागे फेकला जातो, धक्का वाढतो आणि लोहारदादांचे ते दाते लवकर झिजतात. सोळा इंची बॅरलवर सात इंची कार्बाइन गॅस यंत्रणा असेल तर हे अधिकच जाणवते. नऊ इंची मध्यम यंत्रणेत दाब उतरलेला असल्याने झाडणे सौम्य वाटते. मोठ्या छिद्राचे समर्थन म्हणून रशियन पोलादी पुंगळीच्या स्वस्त काडतुसांकडे बोट दाखवले जाई. अमेरिकेने २०२१च्या सप्टेंबरपासून रशियन काडतुसांच्या आयातीला नवे परवाने देणे थांबवले, तरी छिद्रे होती तेवढीच राहिली. येथे मी स्वस्त अपरची बाजू घेणार नाही. तरीही उपाय महाग अपर हा नाही. जड बफर (मागे येणाऱ्या बोल्टचा वेग थोपवणारे वजन) किंवा नियंत्रित करता येणारा गॅस ब्लॉक (पोर्टमधून गॅस घेणारा भाग) बसवला की काम भागते.

चाकणचा लोहार

म्हणजे आधी ३०० डॉलरचे अपर घ्यायचे, मग गनस्मिथकडून गॅस की ठोकून घ्यायची, चांगल्या कंपनीचा बोल्ट वेगळा आणायचा, गॅस ब्लॉक बदलायचा आणि बफरही. या सर्वांची बेरीज करून पाहा, धागाकर्त्यांच्या आकड्याच्या किती जवळ जाता ते. शिवाय प्रत्येक बदलानंतर जुळणीची जबाबदारी तुमच्यावर येते, कारखान्यावर नाही.

तिरकस यांच्या आक्षेपाला एक उत्तर द्यायचे राहिले. अनेक नगांवर, एकाच पद्धतीने केलेल्या आणि जाहीर झालेल्या तुलना या क्षेत्रात दुर्मीळ आहेत, परंतु अजिबात नाहीत असे नव्हे. हँडगार्डवर उपकरणे बसवण्याच्या एम-लॉक आणि कीमॉड या दोन पद्धतींची अमेरिकी नौदलाच्या इंडियानातील क्रेन येथील केंद्राने तुलना केली. उपकरण काढून पुन्हा लावल्यावर नेम किती सरकतो, आपटल्यावर आणि ओढल्यावर काय तुटते, हे मोजले गेले. २०१७ साली निष्कर्ष बाहेर आले, एम-लॉक सरस ठरले आणि कीमॉडची बाजारपेठ पाहता पाहता आटली. बोल्ट आणि बॅरलसाठी असे काही कोणी जाहीर करत नाही, म्हणून किंमत आणि कंपनीचे नाव यांवरच तर्क चालवावा लागतो.

तिरकस

बेरीज मी केली. बोल्ट, ब्लॉक, बफर सगळे धरून ब्राव्होच्या सवलतीतल्या भावाच्या अगदी शेजारी पोचलो. डॅलसकरांनी रागावू नये.

डॅलसचा नेमबाज

रागावत नाही, पण तुम्ही सर्व दोष एकाच अपरमध्ये गृहीत धरलेत. पाच स्वस्त अपर घेतली तर त्यांतल्या एखाद्याला गॅस ब्लॉक बदलावा लागेल, दुसऱ्याला फक्त गॅस की. उरलेली जशी आली तशी चालतील. महाग अपर घेणारा मात्र पाचही वेळा पूर्ण पैसे मोजतो. आणि चांगल्या बोल्टचे पैसे मी अपर कोणतेही असले तरी देईन, कारण सुटा जास्तीचा बोल्ट प्रत्येकाने जवळ ठेवायलाच हवा.

ह्यूस्टनकर

सुटा बोल्ट ठेवा, पण तो आणल्याच दिवशी आपल्या बॅरलमध्ये 'गो' आणि 'नो-गो' गेज (किमान आणि कमाल माप दाखवणारे) लावून हेडस्पेस, म्हणजे बोल्टपुढे काडतुसाला मिळणारी जागा, तपासा. एका कंपनीचे बॅरल आणि दुसऱ्याचा बोल्ट ही जोडी बहुतेक वेळा जमते, पण मापांची सूट दोघांनी विरुद्ध टोकांना वापरलेली असली तर जमत नाही, आणि मग काडतूस चेंबरमध्ये पूर्ण बसत नाही किंवा पुंगळी मागच्या बाजूने फाटते. पूर्ण जुळवलेले अपर देणाऱ्या कंपनीने हे गेज लावलेले असते. निदान लावलेले असायला हवे, आणि खरेदीपूर्वी त्यांना ईमेल करून मी पहिला प्रश्न हाच विचारतो. दुसरा प्रश्न लोहारदादांचा : चुंबकीय तपासणी प्रत्येक बोल्टची होते की घाण्यातल्या एखाद्याचीच? दोन्हींना सरळ उत्तर देणाऱ्या कंपन्यांत एक-दोन स्वस्तही निघाल्या, हे डॅलसकरांच्या बाजूने नोंदवतो.